पंख मिटलेला सरडा

दोडामार्ग तालुक्यातल्या एका गावाच्या जैवविविधता नोंदवहीचं, म्हणजे गावातली झाडं, प्राणी आणि त्यांच्याबद्दल लोकांना असलेली माहिती लिहून ठेवायचं काम सध्या करतोय. बाहेरून वाटतं जंगल फिरायचं, पण निम्म्याहून जास्त वेळ लोकांच्या ओटीवर बसून बोलण्यात जातो आणि उरलेला फॉर्म भरण्यात.

त्या दिवशी माडासुपारीवर चढणारे एक पाडेली काका मला बागेत घेऊन गेले. एका पोफळीकडे बोट दाखवून म्हणाले, "वायच थांब, तो वर चढतलो, मगे उडतलो." मला खोडावर सालीच्या रंगाची एक रेघ दिसली, तेवढीच. मग ती हलली आणि गळ्याखालून लिंबासारखा पिवळा, लांब टोकाचा पडदा बाहेर आला. नर! द्राको दुसुमिएरी, पश्चिम घाटातला एकमेव उडता सरडा.

बागेतल्या साध्या सरड्याच्या पाठीवर काट्यांचा तुरा असतो, तो याला नाही. अंग सडपातळ, गळ्याच्या दोन बाजूंना दोन छोट्या झालरी. पंख मिटले की कुशीला चिकटून राहतात, कारण ते लांब वाढलेल्या बरगड्यांवर ताणलेलं कातडं आहे, बरगड्या मागे घेतल्या की संपलं. आपण जवळ गेलो की हा खोडाच्या पलीकडच्या बाजूला सरकतो. शेवटी त्याने झेप घेतली आणि पंखांची काळपट जांभळी कड, त्यावरचे फिकट ठिपके सगळं क्षणभर दिसलं, पुढच्या पोफळीवर बराच खाली टेकला आणि मुंग्या टिपत परत वर. हे लोक पंख फडफडवत नाहीत, फक्त तरंगतात, आणि झेपेत पुढच्या पायांनी पंखाची पुढची कड धरून ठेवतात. कर्नाटकातल्या आगुंब्यात याच जातीवर काम करून एका जर्मन संशोधकाने ते २०१७ मध्ये मांडलं.

माझ्याकडे फोटो आला तो मात्र पंख मिटलेला, गळ्याचा पडदाही आत.

तोच जोडून नोंद पाठवली, तर वरिष्ठांकडून उत्तर आलं की ओळख पटत नाही, "सरडा, अनोळखी" लिहा. आणि टीममधल्या एका सिनिअरने शांतपणे सुचवलं, पकड ना, पंख ताणून धर आणि फोटो काढ, सगळे तेच करतात. खरंच करतात, इंटरनेटवर चिमटीत धरलेले पंख ताणलेले फोटो ढिगाने आहेत. अरे त्या बरगड्या आहेत! बोटभर जाडीच्या जिवाच्या बरगड्या ताणून आपण कसली नोंद करतोय? मी नाही म्हटलं, त्यावरून चांगलंच वाजलं.

मला जास्त लागलं ते काकांचं. मादी एरवी झाडावरच असते, अंडी घालायला तेवढी जमिनीवर उतरून माती उकरते, हे त्यांनी मला न विचारता सांगितलं, जागेसकट. बोर्डो (बुरशीवरचं मोरचूद-चुन्याचं औषध) फवारायला चढतात तेव्हा हे सरडे त्यांच्या हाताशी असतात. आणि फॉर्ममध्ये अशा माणसाच्या बघण्याला पुरावा म्हणत नाहीत.

नोंद मी पुन्हा पाठवलीय, जातीच्या नावासकट, पुराव्यात काकांचं बोलणं मालवणीत जसंच्या तसं. अजून उत्तर नाही. परत नाकारली तर परत पाठवणार.