+७ घेऊन जेलात

आज धरमपेठेत मित्राकडे डंजन्स अँड ड्रॅगन्स (गोष्टीतलं कॅरेक्टर बनून फासे टाकत खेळायचा गेम) खेळलो, अन् मी मुद्दाम फक्त बोलबच्चन कॅरेक्टर बनवून नेलं होतं, हाफ-एल्फ रोग (rogue, म्हणजे अर्धा एल्फ, धंद्यानं चोर-लबाड), करिश्मा (छाप पाडायची ताकद) १७ म्हणजे +३, त्यात पर्सुएजनला (लोकांना पटवायचं स्किल) एक्सपर्टीज घेतली म्हणून प्रोफिशियन्सी (सरावाचा बोनस) डबल होऊन +४, पहिल्याच लेव्हलला टोटल +७, म्हणजे फाशावर जे पडेल त्यात सात मिळवायचे! वाटलं आता कोणालेही गुंडाळतो. किल्ल्याच्या गेटवर पहारेकरी, मी म्हटलं "याला पटवतो", तर डीएम (गेम चालवणारा) पोह्यावर तर्री ओतत म्हणे, "ते ठीक आहे बे, पण बोलणार काय?" बोंबला! बर्डीवर दोनशेची चप्पल शंभरात मागणारा मी, तोंडच उघडेना. शेवटी पहारेकऱ्याच्या पोरीच्या लग्नाचा विषय काढला तेव्हा कुठं डीसी (जमायला लागणारी कमीत कमी बेरीज) १५ वरून १० वर आला. फासा पडला २. बेरीज ९. आता अख्खी पार्टी जेलात अन् सगळे मलेच शिव्या देऊन राहिले 😭