सहा महिने की बारा?

भाऊ-बहीण माझ्या मानसोपचाराच्या ओपीडीत शिरले ते वाद घालतच. मुलाचं म्हणणं, बाबांना आजच्या आज औषध सुरू करा. मुलीचं म्हणणं, बाबांना काही झालेलं नाही, आई गेलीय. मधल्या खुर्चीत बाबा, मांडीवर एक वही.

वही त्यांच्या पत्नीची, साखरेच्या नोंदींची. तारीख, उपाशीपोटी, जेवणानंतर असे तीन रकाने. आठ महिन्यांपूर्वी एका पानाच्या मध्यावर तिचं अक्षर थांबतं आणि यांचं सुरू होतं. तेव्हापासून रोजची तारीख आहे, एकही दिवस सुटलेला नाही. आकड्यांचे दोन्ही रकाने कोरे.

"हे नॉर्मल आहे का, तुम्हीच सांगा," मुलगा म्हणाला.

माझ्या शेजारी बसलेल्या रेसिडेंटने, म्हणजे शिकाऊ डॉक्टरने, हळूच विचारलं, "मॅडम, प्रोलाँग्ड ग्रीफ लिहू?" प्रश्न रास्त होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या यादीनुसार लांबलेल्या शोकाचा आजार ठरवायला किमान सहा महिने लागतात. डीएसएम या मानसिक आजारांच्या अमेरिकन पुस्तकात हेच निदान २०२२ साली आलं, आणि तिथे मोठ्या माणसांसाठी मुदत बारा महिन्यांची. म्हणजे आठव्या महिन्यात समोर बसलेला माणूस एका पुस्तकात बसू शकतो, दुसऱ्यात नाही. त्याआधीच्या डीएसएम-४ मध्ये तर शोकाला नैराश्य म्हणण्याआधी साधारण दोन महिने थांबा, असं होतं. २०१३ मध्ये ती सवलतही काढून टाकली. त्यावरून आमच्याच लोकांत किती जुंपली होती!

मुलांना बाहेर बसवलं आणि बाबांना विचारलं, तुम्हाला काय वाटतं? ते म्हणाले, "डॉक्टर, हिची उपाशीपोटीची साखर १३२ यायची. तेव्हा डॉक्टर म्हणाले, ठीक आहे, लक्ष ठेवा. पुढे मधुमेहाची रेघ १४० वरून १२६ वर आली आणि ही पेशंट झाली. साखर तेवढीच होती. आता माझी रेघ कुठे आहे ते सांगा."

मी गप्प झाले. माहिती अचूक होती. १९९७ मध्ये ती मर्यादा खरंच खाली आणली गेली. पण तिथे किमान रक्तातला आकडा तरी असतो. आमच्याकडे तोही नाही, आणि रेघ कोणी आणि कशासाठी ओढली यावर फार अवलंबून राहतं. १८५१ मध्ये सॅम्युअल कार्टराइट या अमेरिकन डॉक्टरने मालकाकडून पळून जाणाऱ्या गुलामांना ड्रेपटोमेनिया नावाचा आजार असल्याचं जाहीर केलं होतं. १९७३ मध्ये अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. पुढच्या वर्षी त्यावर सभासदांचं मतदान झालं आणि सुमारे ५८ टक्के मतांनी निर्णय टिकला. क्षयरोग असा मतदानाने जात नाही. म्हणून सगळंच थोतांड, असं म्हणणाऱ्यांशी मात्र माझं जमत नाही. त्यांनी स्किझोफ्रेनियाच्या रुग्णाच्या घरी एक रात्र काढावी.

रेघ धूसर असली की मी महिने मोजत बसत नाही, दिवस कसा जातो ते विचारते. बाबा स्वतःचं जेवण करतात, झोप बरी आहे, मित्रांकडे पत्ते खेळायला जातात आणि हरले की चिडतात. संध्याकाळी रडू येतं. मरावंसं वाटतं का, हेही थेट विचारलं; ते विचारायला मी कधीच कचरत नाही. "नाही हो, अजून दोन वर्षांचं पेन्शनचं भांडण बाकी आहे," म्हणाले. वहीचं काय? "तारीख लिहिली की दिवस सुरू होतो."

सहा महिने उलटले एवढ्यावर निदान होत नाही. रोजचं जगणं कोलमडलेलं असावं लागतं, आणि शोक त्या समाजाच्या रीतीबाहेरचा असावा लागतो. हे दोन्ही पुस्तकांत आहे. इथे कोलमडलेलं काही दिसेना. औषध दिलं नाही, महिन्याने या म्हटलं. मुलगी लगेच उठली, मुलगा बसूनच राहिला.

रेसिडेंट संगणकापुढे अडकला होता. कोड टाकल्याशिवाय केस पुढे सरकत नाही. आयसीडी-११ मध्ये क्यूई६२ असा एक कोड आहे, साध्या शोकासाठी. तो मानसिक आजारांच्या प्रकरणात येत नाही. तोच टाकायला सांगितला.

मुलाने वाकून पडद्यावर पाहिलं. "यावर विमा मिळतो का?"

"बहुधा नाही," मी म्हटलं.

"मग दुसरा टाका ना."