‘कूलंट थोडं कमी होतंच’ म्हणे!

गाडी चार महिने शेडमध्ये उभी राहणार म्हणून बॅटरी काढली, टायरमध्ये जास्तीची हवा भरली, वरून कव्हर घातलं. रेडिएटरमध्ये काय आहे ते मात्र पाहिलं नाही. उन्हाळ्यात पातळी उतरली की मी नळाचंच पाणी ओतत होतो, त्यामुळे कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं आणि थंडीत न गोठणारं द्रव, नावापुरतं उरलं होतं. पारा शून्याखाली गेला आणि राहिला. पाणी गोठताना साधारण 9 टक्के फुगतं, आणि त्याला जागा मिळाली नाही तर ओतीव लोखंडही तडकतं.

एक शहाणपण मात्र केलं. इंजिनखाली बर्फ लोंबताना दिसला तेव्हा किल्ली फिरवली नाही. वॉटर पंपाचा पंखा बर्फात अडकलेला असताना सेल मारला, तर पट्टा तरी जातो नाहीतर पंप तरी. गाडी दोन दिवस हळूहळू वितळू दिली. उकळतं पाणी ओता म्हणणारे भेटतातच, पण गार लोखंडावर ते ओतलंत तर नसलेली चीरही पडेल.

वितळल्यावर बाजूने धार लागली. ब्लॉकमधला एक वेल्श प्लग, ते वाटीसारखं पत्र्याचं बूच, बाहेर आला होता. गॅरेजमध्ये तासाभरात नवा ठोकून मिळाला. “वाचलात! त्यासाठीच असतो तो,” मेकॅनिक म्हणाला. मीही खूश. खरं तर ती भोकं ओतकामातली वाळू काढण्यासाठी असतात. बूच निसटलं म्हणजे ब्लॉक वाचला, असं मुळीच नाही.

आणि इथून माझे तीन आठवडे गेले. दर दोन-तीन दिवसांनी कूलंट खाली. जमिनीवर थेंब नाही. पहिल्यांदा गेलो तर “हवा अडकली असेल, थोडं कमी होतंच.” दुसऱ्यांदा रेडिएटरची टोपी बदलली. तिसऱ्यांदा पाइपांचे क्लिप आवळले. चौथ्यांदा गाडीकडे न बघताच “हेड गास्केट (ब्लॉक आणि वरच्या हेडमधलं सील) गेलं” असं जाहीर झालं. अहो, आधी प्रेशर टेस्ट तरी करा! थंड इंजिनावर टोपीच्या जागी हातपंप बसवायचा, टोपीवर लिहिलाय तेवढा दाब द्यायचा (बऱ्याच गाड्यांत 1 बारच्या आसपास) आणि काट्याकडे बघत बसायचं. पंधरा मिनिटांचं काम. पण “त्याची गरज नाही” हे एकच उत्तर, तेही मला काही कळत नसल्याच्या सुरात.

शेवटी एका मित्राकडून तो पंप आणला आणि शेडमध्ये स्वतःच लावला. काटा बघता बघता उतरला आणि बाहेर सगळं कोरडं. म्हणजे पाणी आतच जात होतं. रात्रभर गाडी हलवली नाही आणि सकाळी ऑइल चेंबरचा ड्रेन बोल्ट जरासा सैल केला. आधी पाणी आलं, मग ऑइल. पाणी जड, ते तळाला बसतं. ऑइल भरायच्या टोपीखालच्या नुसत्या दुधट थरावर विसंबू नका, थंडीत छोट्या फेऱ्या मारल्या की तो असाही जमतो. बोल्टमधून पाणी आलं की मात्र वाद संपला. तेच पाणी मिसळलेलं ऑइल घेऊन मी तीन आठवडे गाडी चालवली, याचा राग अजून जात नाही. बेअरिंगही बदलावे लागले.

इंजिन उघडल्यावर वॉटर जॅकेटच्या (ब्लॉकमधल्या कूलंट फिरण्याच्या पोकळीच्या) आतल्या भिंतीला बोटभर चीर निघाली. मशीन शॉपने तिच्यावर ओळीने भोकं पाडून, एकमेकांत अडकणाऱ्या आट्यांच्या पिना बसवून ती शिवली. ओतीव लोखंडाला नीट न तापवता वेल्डिंग केलं तर शेजारीच नवी चीर पडते, म्हणून ते नको म्हणालो.

आता कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मंनिम्मं. कूलंट इथिलीन ग्लायकॉलचं असेल तर असं मिश्रण साधारण उणे 37 अंशांपर्यंत टिकतं. नुसतं ग्लायकॉल ओतू नका, ते उणे 13च्या आसपासच गोठतं. आणि रेडिएटरचा नळ सोडला म्हणजे ब्लॉक रिकामा होत नाही. ब्लॉकचा वेगळा ड्रेन प्लग असेल तर तोही काढा. नवं भरल्यावर थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर उघडणारी झडप) उघडेपर्यंत इंजिन चालवा, नाहीतर वर कूलंट आणि आत पाणीच राहतं.

हो, हीटर कोअरही, म्हणजे गाडी आतून गरम करणारा छोटा रेडिएटरही, गोठतो. माझा शाबूत निघाला, पण पायाखालचं कार्पेट ओलं आहे का ते दाबून बघायचं मला सुचलं ते इंजिन परत बसवल्यावर.