अलास्का क्रूझ: सगळ्यात खालच्या डेकची बाल्कनी घ्यावी का?

अलास्का क्रूझला बाल्कनीच घ्यायची हे घरात ठरलं तरी खरा घोळ पुढेच सुरू होतो, कारण बुकिंग करायला बसलं की बाल्कनीचेच दहा-बारा प्रकार समोर येतात आणि जसजसं वर जावं तसतसा भाव चढत जातो, मग आपल्याला वाटतं जितकं वर तितकं भारी. पुण्या-मुंबईत फ्लॅट घेताना फ्लोअर राइज भरायची सवय असते ना, तसंच. पण बोटीवर, निदान अलास्काच्या बोटीवर, हा हिशोब बऱ्यापैकी उलटा लागतो. आम्ही मुद्दाम सगळ्यात खालची बाल्कनीची ओळ बघून सहाव्या डेकवर, बोटीच्या साधारण मध्यावर, दोन शेजारशेजारच्या केबिन घेतल्या, एक आमची आणि एक आई-बाबांची (ते सांगलीहून उन्हाळ्यासाठी आमच्याकडे आले होते). परत गेलो तर हाच डेक घेईन, फक्त नंबर जरा पुढेमागे करून. का ते सांगते.

पहिलं कारण म्हणजे आई. तिला आंबा घाटात एसटी लागते, मग बोट लागणार हे धरूनच चाललो होतो. लोकांना वाटतं की अलास्काची क्रूझ म्हणजे सगळी 'इनसाइड पॅसेज'मधून, दोन्हीकडे डोंगर आणि मधे शांत पाणी. ते खरं आहे, पण अर्धंच. व्हँकुव्हर शहरातून सुटणाऱ्या बोटी व्हँकुव्हर बेटाच्या आतल्या बाजूने वर जातात, तिथे आडोसा असतो. सिएटलहून सुटणाऱ्या मोठ्या बोटी मात्र (आमचीही त्यातलीच) बहुतेक वेळा हुआन दे फुका सामुद्रधुनीतून बाहेर पडून बेटाच्या पश्चिमेने, म्हणजे सरळ उघड्या पॅसिफिकमधून जातात. त्यामुळे पहिल्या रात्री सामुद्रधुनी संपली की बोट डुलायला लागते आणि दुसरा अख्खा दिवस समुद्रातच असतो. त्या दिवशी चौदाव्या डेकवरच्या बुफेत कॉफीचे कप ट्रेवर सरकत होते, लोक खुर्च्यांना धरून चालत होते, आणि सहाव्या डेकवर आई शांतपणे विणत बसली होती. यात जादू काही नाही, बोट डुलते ती खालच्या भागाभोवती, त्यामुळे जितकं उंच जाल तितका झोका मोठा, आणि नाक वर-खाली होतं तेव्हा दोन्ही टोकांना जास्त जाणवतं, मध्यावर कमी. खाली आणि मध्ये, एवढंच लक्षात ठेवायचं. तरी गोळी आदल्या रात्रीच घेऊन ठेवा, मेक्लिझिन की काय ते डॉक्टरांना विचारून, कारण मळमळ सुरू झाल्यावर घेतलेली गोळी फारशी उपयोगी पडत नाही. आईचा भर आलेपाकावर होता, तोही चालला म्हणायचा.

आता दुसरं कारण, ज्याच्यासाठी मी हे सगळं लिहायला घेतलं. अलास्कात बघायचं ते बरंचसं पाण्यावर असतं. डोंगर काय, कुठल्याही मजल्यावरून दिसतात. पण देवमासा, सील, तरंगणारे बर्फाचे तुकडे हे पाण्याच्या जितकं जवळ तितकं खरं वाटतं. जूनमध्ये अलास्काची राजधानी जुनो, तिच्या आसपास पहाटे चारच्या सुमाराला उजाडतं, आणि बाबांना तसंही चारला जाग येते, मग कानटोपी आणि दोन स्वेटर घालून ते बाल्कनीत. त्यांनी आम्हाला काचेवर टकटक करून उठवलं, "अगं ये लवकर, इथे कोणीतरी श्वास घेतंय!" आणि खरंच, दिसायच्या आधी ऐकू आलं. प्रेशर कुकरची शिट्टी अर्धवट सुटावी तसा नाही, त्याहून खोल, ओला असा फुस्स आवाज, मग पाण्यावर वाफेचं झाड उभं राहावं तसा फवारा, काळी पाठ, आणि शेवटी शेपूट. हंपबॅक जातीचा देवमासा होता. हे हिवाळ्यात हवाईकडे असतात आणि उन्हाळ्यात खायला इकडे येतात. बाराव्या डेकवर उतरलेल्या एका ओळखीच्या जोडप्यालाही तोच दिसला, पण आवाज त्यांना आला नव्हता. एवढ्यासाठी तरी खालची बाल्कनी.

हिमनदीच्या दिवशी मात्र गणित थोडं बदलतं. आमची बोट एंडिकॉट आर्ममध्ये डॉज ग्लेशियर बघायला गेली. हा जवळजवळ पन्नास किलोमीटर आत शिरलेला फ्योर्ड, म्हणजे समुद्राचा चिंचोळा फाटा आहे, दोन्ही बाजूंना सरळसोट कडे, त्यावरून धबधबे, आणि पाणी हिमनदीने दळलेल्या दगडाच्या पिठामुळे दुधाळ हिरवं. आत जाताना खालच्या बाल्कनीतून बर्फाचे निळे तुकडे इतक्या जवळून जातात की त्यांच्यात अडकलेली माती दिसते, काहींवर सील पहुडलेले. पण बोट तोंडाशी पोचते तेव्हा हिमनदी नाकासमोर असते आणि बाल्कनी असते बाजूला. कॅप्टन बोट जागेवर हळूहळू फिरवतो, त्यामुळे दोन्ही बाजूंना दर्शन मिळतं, डाव्या-उजव्या बाजूसाठी भांडू नका. तरी त्या वेळेला निम्मा वेळ वरच्या उघड्या डेकवर किंवा पुढच्या हेलिपॅडवर (उघडलं तर) जा आणि निम्मा वेळ आपल्या बाल्कनीत ब्लँकेट घेऊन बसा. नॅचरलिस्टची, म्हणजे निसर्गाची माहिती सांगणाऱ्याची, कॉमेंट्री बाल्कनीत ऐकू येत नाही, आम्ही केबिनमधल्या टीव्हीवर ते चॅनल लावून दार थोडं उघडं ठेवलं. आणखी एक, धुकं किंवा बर्फ जास्त असेल तर मोठी बोट तोंडापर्यंत जातच नाही, मागेच थांबते, आणि त्याचे पैसे परत वगैरे काही मिळत नाहीत. मनाची तयारी ठेवा.

आता तक्रारी. खालच्या बाल्कनीचा खरा प्रश्न उंचीचा नसतो, तिच्या खाली काय आहे याचा असतो. आमच्या बाल्कनीतून वाकून बघितलं की थेट नारिंगी लाईफबोटीचं टप दिसायचं. समोर बघायला काही अडचण नव्हती, पण सरळ खाली पाणी दिसत नव्हतं, आणि फोटोत कोपऱ्यात नारिंगी पट्टा यायचाच. जुनोला धक्क्याला लागलो त्या दिवशी सकाळी क्रूचं ड्रिल होतं, तर साखळ्या, मोटरचा आवाज, आणि हेल्मेट घातलेली माणसं आमच्या बाल्कनीच्या पायाशी. आमची झोप मोडली. बाबांना मात्र लॉटरी लागली, कारण त्यातला एक खलाशी वेंगुर्ल्याचा निघाला, "तुमी खयचे?" पासून जे सुरू झालं ते ड्रिलचा साहेब ओरडेपर्यंत. म्हणून म्हणते नंबर पुढेमागे करा. लाईफबोटी अख्ख्या लांबीभर सलग नसतात, मधे गॅप असतात, आणि गॅपच्या वर येणारी केबिन त्याच भावात मिळू शकते.

हे कसं बघायचं, तर बुकिंगच्या आधी बोटीचा डेक प्लॅन उघडा आणि तीन डेक एकदम बघा, आपला, वरचा, खालचा. वर आणि खाली दोन्हीकडे केबिनच असतील तर डोळे मिटून घ्या. सगळ्यात खालच्या बाल्कनीच्या ओळीखाली मात्र बहुतेक वेळा थिएटर, बार, कॅसिनो किंवा चालायचा प्रोमनाड असतो. थिएटरचा आवाज साडेदहा-अकराला संपतो, बारचा संपत नाही. प्रोमनाडवर सकाळी सहाला धावणारे लोक येतात आणि धावताना बोलतात. सगळ्यात पुढची केबिन टाळा, धक्क्याला लागताना बो थ्रस्टर (बोटीचं नाक बाजूला ढकलणारे पंखे) चालू होतात तेव्हा खालचे पुढचे डेक थरथरतात आणि ते पहाटेच होतं. सगळ्यात मागे प्रोपेलरची घरघर. बुकिंगच्या पानावर 'ऑब्स्ट्रक्टेड व्ह्यू' लिहिलं असेल तर ते गंभीरपणे घ्या, कधी लाईफबोट खाली असते तर कधी बरोब्बर डोळ्यांसमोर टांगलेली, आणि दोन्हीला तोच शब्द. त्या केबिन नंबरचे लोकांनी टाकलेले फोटो शोधा, बहुतेक वेळा सापडतात.

बाल्कनीचा कठडाही बघा. वरच्या डेकना काच असते, काही बोटींच्या खालच्या ओळीला मात्र लोखंडी पत्रा असतो, म्हणजे खुर्चीत बसलं की समोर रंगवलेली भिंत. कार्निव्हलच्या काही बोटींवर तर याहून खाली, दुसऱ्या डेकवर, बोटीच्या अंगातच कोरल्यासारख्या 'कोव्ह बाल्कनी' असतात, त्यांना असाच भरीव कठडा असतो, समुद्र खवळला की पाणी उडतं. ज्यांना पाण्याशी सलगी हवी त्यांना आवडतात, माझ्या आईला पाठवणार नाही. आमच्याकडे काच होती, पण त्या उघड्या समुद्राच्या रात्रीनंतर तिच्यावर मिठाचा असा थर बसला की पलीकडचं काही दिसेना. सोबत एक जुना पंचा ठेवा, ओला करून पुसला की काम होतं. शेजारच्या दोन केबिन असतील तर मधलं पार्टिशन उघडून द्यायला रूम अटेंडंटला पहिल्याच दिवशी सांगा, आमचं एका मिनिटात उघडून मिळालं आणि मग लांबलचक एकच गॅलरी झाली.

वयस्कर लोकांना खालच्या डेकचा एक फायदा कोणी सांगत नाही, तो म्हणजे लिफ्ट. बंदरावर पोचलं की हजारो लोक एकदम उतरायला निघतात आणि लिफ्ट वरूनच भरून येतात. आम्ही जिन्याने उतरायचो, मुख्य डायनिंग रूमही दोन-तीन जिने खालीच. बुफे मात्र लांब, चौदाव्यावर, तिथे लिफ्टशिवाय पर्याय नाही. बाबांचा सकाळचा चहा हा त्यामुळे रोजचा प्रश्न झाला. इलेक्ट्रिक केटल नेऊ नका, बोटीवर चालत नाही, सिक्युरिटीत काढून ठेवतात. रूम सर्व्हिसला गरम पाणी आणि दूध मागवायचं, चहा-साखर आपली. शाकाहारी किंवा जैन जेवण हवं असेल तर बुकिंगच्या वेळीच कळवा आणि पहिल्या रात्री हेड वेटरला भेटून परत सांगा, मग दुसऱ्या दिवसापासून डाळ-भात-भाजी बरी मिळते.

पैशाचं म्हणाल तर आमच्या बाल्कनीत आणि त्याच आकाराच्या चार डेक वरच्या बाल्कनीत माणशी दोनेकशे डॉलरचा फरक होता, त्यात आई-बाबांची देवमाशांची छोट्या बोटीची टूर जवळजवळ निघाली. 'गॅरंटी' बाल्कनी आणखी स्वस्त पडते पण त्यात नंबर कंपनी देते, आणि वरच्या सगळ्या पुराणाचा उपयोग शून्य. घरात कोणाला बोट लागत असेल तर गॅरंटीच्या फंदात पडू नका.

शेवटी बाल्कनीशी संबंध नसलेली पण यात सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. सिएटलहून जाणारी बोट परत येताना बहुतेक वेळा संध्याकाळी उशिरा कॅनडातल्या व्हिक्टोरियाला थांबते. १८८६ च्या एका अमेरिकन कायद्यामुळे परदेशी झेंड्याच्या बोटीला अमेरिकेतून निघून अमेरिकेतच परत यायचं तर मधे एखादं परदेशी बंदर घ्यावंच लागतं. तुम्ही तिथे उतरा की न उतरा, भारतीय पासपोर्टवर कॅनडाचा व्हिजिटर व्हिसा लागतो, ग्रीन कार्डवाल्यांना सूट आहे पण पासपोर्ट आणि कार्ड दोन्ही बरोबर हवं. आई-बाबांचा अमेरिकेचा व्हिसा मल्टिपल एंट्री आहे ना तेही बघा, आणि एच-वनवाल्यांचं (अमेरिकेत नोकरीच्या व्हिसावर असलेल्यांचं) स्टँपिंग, म्हणजे पासपोर्टवरचा व्हिसा, संपलेलं असेल तर आधी वकिलाला विचारा. आमच्या पुढच्या रांगेतलं एक कुटुंब आजींचा कॅनडाचा व्हिसा नाही म्हणून सिएटलच्या टर्मिनलवरूनच परत गेलं, सामानासकट. व्हिसाला वेळ लागतो, बायोमेट्रिकची अपॉइंटमेंट लागते, तेव्हा आधी तो अर्ज टाका आणि मग डेक प्लॅन उघडा.