लुसीला भेटायचं तर आधी घड्याळ समजून घ्या

लुसी म्हणजे माणसाच्या अतिप्राचीन पूर्वजकुळातल्या एका मादीचा सांगाडा; तो अदिस अबाबाच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. पण या शहरात पहिला घोळ होतो तो वेळेचा. इथिओपियात तास सूर्योदयापासून मोजतात, म्हणजे आपले सकाळचे सात हा इथला एक आणि दहा म्हणजे चार. टॅक्सीवाल्याला नुसतं 'चारला ये' म्हणालात तर तो सकाळी दहालाच दारात हजर. त्यामुळे 'फरंज' (परदेशी लोकांची) वेळ की इथली, हे आधीच बोलून घ्यायचं.

राष्ट्रीय संग्रहालय अरात किलो आणि सिदिस्त किलो या चौकांच्या मध्ये, चढाच्या रस्त्यावर आहे. शहर २,३०० मीटरहून उंचावर, त्यामुळे आल्या दिवशीच पायी चढायला गेलात तर धाप लागते.

सिंहासन, मुकुट, चित्रं नंतर. आधी तळघर गाठा. लुसी तिथे आहे. अम्हारिकमध्ये तिचं नाव दिंकनेश, 'तू अद्भुत आहेस'. १९७४ साली अफार भागातल्या हदारला सापडलेला हा सांगाडा सुमारे ३२ लाख वर्षांपूर्वीचा. काचेत दिसते ती प्रतिकृती. खरी हाडं नाजूक असल्याने तिजोरीत बंद असतात. हे माहीत नसलं की लोक हिरमुसतात, पण साच्यातून काढलेली प्रतिकृती अभ्यासाला तेवढीच चोख आहे.

आडव्या मांडलेल्या सांगाड्यासमोर वेळ काढा. जेमतेम ४० टक्के हाडं मिळाली आहेत. कवटीचे तुकडे तेवढे, पावलं जवळपास नाहीत. कमरेचं डावं हाड आणि माकडहाडाच्या वरचं त्रिकास्थी हाती लागलं, म्हणून डावी बाजू आरशातल्यासारखी उलटवून उजवी बनवली आणि कंबर पूर्ण करता आली. ही कंबर बुटकी आणि पसरट, परातीसारखी. चिंपांझीची उंच आणि अरुंद असते. मग डाव्या मांडीचं हाड बघा. ते गुडघ्याकडे आत झुकतं, म्हणजे चालताना पाऊल शरीराच्या मध्याखाली पडायचं. ती दोन पायांवर चालत होती, हे सांगणारा मुख्य पुरावा गुडघाच. शेजारी उभी केलेली पूर्ण लुसी जेमतेम साडेतीन फुटांची. मूल वाटेल, पण जबड्यात अक्कलदाढ आलेली आहे.

खरं मूल म्हणजे सेलाम, अफारमधल्याच दिकिकाला २००० साली मिळालेली सुमारे तीन वर्षांची मुलगी. 'लुसीची लेक' म्हणतात तिला, पण वयाने ती लुसीहून लाखभर वर्षं जुनी!

पेंढा भरलेले प्राणी-पक्षी हवे असतील तर अरात किलोलाच अदिस अबाबा विद्यापीठाचं वेगळं प्राणिशास्त्र संग्रहालय आहे.