लोकेशन चुकतंय? आधी निळ्या ठिपक्याभोवतीचं वर्तुळ बघा

आपण चौकात उभे आणि मॅप्समधला ठिपका मागच्या गल्लीत, असं झालं की बहुतेक जण फोन बंद करून पुन्हा चालू करतात. कधीकधी त्याने भागतं, पण बिघाड कुठे होता ते कळत नाही, आणि दोन दिवसांनी पुन्हा तेच. त्यापेक्षा आधी ठिपक्याकडे नीट बघा. भोवतीचं फिकट निळं वर्तुळ मोठं असेल तर फोनलाच जागेची खात्री नाही. वर्तुळ लहान असूनही ठिपका भलतीकडे असेल, तर फोनला चुकीची माहिती मिळतेय आणि तो ती खरी धरून चाललाय. ठिपका जागेवर पण समोरचा झोत उलटा असेल, तर दोष होकायंत्राचा. जीपीएसचा त्यात काही संबंध नाही.

वर्तुळ अख्ख्या उपनगराएवढं असेल आणि तेही एकाच ॲपमध्ये, तर परवानगी तपासा. अँड्रॉइड १२ आणि आयओएस १४ पासून ॲपला नेमकी जागा न देता फक्त ढोबळ परिसर सांगायची सोय आहे. परवानगी विचारली जाते तेव्हा घाईत तेच बटण दाबलं जातं. अँड्रॉइडवर सेटिंग्ज, ॲप्स, ते ॲप, परमिशन्स, लोकेशन असं जाऊन 'यूज प्रिसाइज लोकेशन' चालू करा. आयफोनवर प्रायव्हसी अँड सिक्युरिटीमधल्या लोकेशन सर्व्हिसेसमध्ये ॲपच्या नावाखाली 'प्रिसाइज लोकेशन' सापडेल.

सगळ्याच ॲप्समध्ये वर्तुळ मोठं येत असेल तर उपग्रहांचा सिग्नल तपासायला हवा. अँड्रॉइडवर 'जीपीएसटेस्ट' हे मोफत ॲप घ्या, गच्चीवर जा, एअरप्लेन मोड लावा आणि वाय-फायही बंद आहे ना ते बघा. आता मोबाइलचे टॉवर आणि वाय-फाय बाजूला झाले, उरले फक्त उपग्रह. प्रत्येक उपग्रह आपल्या कक्षेचा तपशील दर ३० सेकंदांनी प्रसारित करतो. एरवी फोन तो इंटरनेटवरून आयता घेतो, इथे थेट उपग्रहाकडून घ्यावा लागतो, म्हणून दोन-चार मिनिटं थांबा. जागा ठरवायला किमान ४ उपग्रह लागतात, पण मोकळ्या आकाशाखाली याहून बरेच जास्त दिसतात. प्रत्येकापुढे सिग्नलचा आकडा असतो. काही उपग्रह ३५-४० च्या पुढे असतील तर फोन ठणठणीत आहे. मोकळ्या गच्चीवरही सगळे आकडे २५ च्या खालीच रेंगाळत असतील, तर कव्हर काढून पुन्हा बघा. तरी फरक नाही आणि फोन नुकताच उघडून दुरुस्त केलेला असेल, तर अँटेनाचा स्प्रिंगसारखा संपर्क नीट बसला नसण्याची शक्यता मोठी. हे सेटिंगने सुटत नाही, दुकानातच न्यावं लागतं. गाडीत असाल तर काचेवरची धातूमिश्रित फिल्म आणि हलक्या प्रतीचा डॅशकॅम किंवा चार्जर यांच्यावरही संशय घ्या. चार्जर काढून आकडे वाढतात का ते बघा. 'जीपीएस बूस्टर' नावाची ॲप्स मात्र उतरवू नका. अँटेनाची ताकद ॲपने वाढत नाही.

लहान वर्तुळ आणि चुकीची जागा हा प्रकार घर बदलल्यावर हमखास होतो. घरात उपग्रह नीट दिसत नाहीत, म्हणून फोन आजूबाजूच्या राउटरवरून जागा ओळखतो. नाशिकचा राउटर तुम्ही ठाण्याला नेलात, पण गूगल किंवा ॲपलच्या नोंदीत तो अजून नाशिकलाच आहे. नोंद कालांतराने आपोआप सुधारते. तोवर खिडकीशी किंवा बाहेर जाऊन ठिपका जागेवर येऊ द्या, किंवा अँड्रॉइडच्या लोकेशन सर्व्हिसेसमध्ये 'लोकेशन ॲक्युरसी' तात्पुरती बंद करा. ठिपका एकदम परराज्यात दिसत असेल, तर डेव्हलपर ऑप्शन्समध्ये 'मॉक लोकेशन'साठी, म्हणजे खोटी जागा दाखवण्यासाठी, एखादं ॲप निवडलेलं नाही ना, तेही बघा.

उंच इमारतींमध्ये सिग्नल भिंतींवर आपटून येतो. त्याला यायला वेळ जास्त लागतो आणि फोन तेवढंच अंतर जास्त धरतो. एका मायक्रोसेकंदाची गफलत म्हणजे ३०० मीटर. उपग्रहाच्या १५७५.४२ मेगाहर्ट्झवरच्या नेहमीच्या एल१ सिग्नलसोबत ११७६.४५ मेगाहर्ट्झवरचा एल५ सिग्नलही पकडणारे फोन इथे सरस ठरतात, कारण एल५ वर मूळ सिग्नल आणि परावर्तित सिग्नल वेगळे करणं सोपं जातं. नवीन फोन घेताना मेगापिक्सेलइतकंच हेही विचारावं असं माझं मत आहे.

होकायंत्रासाठी फोन हवेत इंग्रजी आठच्या आकारात फिरवा, पण आधी चुंबकाचं कव्हर आणि गाडीतला चुंबकी होल्डर दूर करा.

सकाळच्या चालण्याची नोंद चुकत असेल तर रेघेचा आकार बघा. वेडीवाकडी रेघ म्हणजे परावर्तन किंवा कमजोर सिग्नल. बागेतून, इमारतीतून आरपार गेलेली सरळ रेघ म्हणजे बॅटरी वाचवायला फोनने मध्येच ॲप झोपवलं. त्या ॲपची बॅटरी सेटिंग 'अनरिस्ट्रिक्टेड' करा.

एवढं करूनही मोकळ्या आकाशाखाली फोनची चूक साधारण ५ मीटरच्या आसपास राहते. ई-पीक पाहणीला, म्हणजे मोबाइलवर पिकाची नोंद करायला, उभं राहताना म्हणून बांधावर किंवा झाडाखाली नको, शेताच्या मध्यावर या आणि लोकेशन स्थिरावलं की मग फोटो काढा. बांधाच्या भांडणात मात्र फोन पुढे करू नका. एक गुंठा म्हणजे जेमतेम १० मीटर बाय १० मीटर. त्यात ५ मीटरची चूक घेऊन हद्द ठरत नाही. त्यासाठी मोजणीचा अर्ज करा. भूमी अभिलेखचे भूकरमापक रोव्हर (उपग्रहांवरून मोजणी करणारं यंत्र) घेऊन येतात, त्याची अचूकता सेंटिमीटरमध्ये असते.