सराफाच्या काट्यावर प्रशियन ब्लू: नोंद चौथी

मागच्या नोंदीत एक ग्रॅम प्रशियन ब्लूने (लोह आणि सायनाइडचं निळं रंगद्रव्य) चुंबक ठेवलेला काटा दीड ग्रॅमने हलवला, असं मोठ्या फुशारकीने लिहिलं होतं. तो आकडा खोटा निघाला. वाळलेले खडे मी घरच्या लोखंडी खलबत्त्यात कुटले होते, आणि काटा मोजत होता तो खलबत्त्याचा कीस. पुडीवरून कागदाआडून चुंबक फिरवल्यावर काळे केस उभे राहिले तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. आता चिनी मातीचा खल घेतलाय. लोखंडी खलबत्ता या कामातून बाद आणि आईच्या शब्दाखातर स्वयंपाकघरातूनही बाद.

माल नव्याने केला. पीसीबी (इलेक्ट्रॉनिक सर्किटची तांब्याची पाटी) खोदायला वापरतात ते फेरिक क्लोराइड आणि पिवळं पोटॅशियम फेरोसायनाइड. निळा गाळ लगेच येतो, धुणं मात्र जीव खातं. पाणी जितकं स्वच्छ तितका गाळ पाण्यातच तरंगत राहतो आणि गाळणकागदातून निळंशार पाणी उतरतं. चिमूटभर मीठ टाकलं की बसतो. आठ दिवस निथळून गच्चीवर ताटलीत वाळवला. शेजारच्या आजी कुरडया उलथता उलथता विचारून गेल्या, "काय करी ऱ्हायना भाऊ?" (नव्या मंडळींना एकच सांगणं: या क्षारांजवळ आम्ल आणायचं नाही, तापवायचं तर त्याहून नाही. विषारी हायड्रोजन सायनाइड सुटतो.)

मांडणी तीच. जळगावच्या एका सराफाकडून घेतलेला जुना, एक मिलिग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा, त्यावर बारा सेंटिमीटर थर्माकोलचा ठोकळा, वर निओडिमियम चुंबक. ठोकळा नसेल तर चुंबक काट्याच्या आतल्या भागांनाच ओढतो. नमुन्याची नळी वरून टांगायची. ओढ असेल तर चुंबक वर उचलला जातो आणि आकडा घटतो. पंखा बंद, त्यामुळे मोजणी पहाटे पाचला.

एकेक ग्रॅम घेऊन, रिकाम्या नळीचा परिणाम वजा करून: लाल फेरिसायनाइडला १७ मिलिग्रॅम घट, पिवळ्या फेरोसायनाइडला उलट १ मिलिग्रॅम वाढ, प्रशियन ब्लूला ८८ घट. पिवळ्याचा तो एक मिलिग्रॅम काट्याच्या हद्दीवरचा आहे, पण पाचही वेळा वाढच आली. तिथल्या लोहाचे सगळे इलेक्ट्रॉन जोडीत बसलेले, म्हणून तो चुंबकाला किंचित ढकलतो. लाल क्षारात एक इलेक्ट्रॉन एकटा. निळ्यात सायनाइडच्या (कार्बन-नायट्रोजनच्या जोडीच्या) नायट्रोजनच्या बाजूच्या फेरिक (तीन इलेक्ट्रॉन गमावलेल्या) लोहावर असे पाच एकटे. सायनाइडच्या कार्बनला चिकटलेलं फेरस (दोन गमावलेलं) लोह मात्र इथेही मुकंच, म्हणजे एकही एकटा इलेक्ट्रॉन नसलेलं.

म्हणजे माझा काटा फक्त एकटे इलेक्ट्रॉन मोजतोय. लोहांना जोडणारा सायनाइडचा पूल त्यांच्यात काय बोलणं घडवतो ते त्याला ऐकू येत नाही. प्रशियन ब्लूमध्ये दोन बोलक्या लोहांच्या मध्ये एक मुकं लोह आणि दोन पूल, अंतर साधारण एक नॅनोमीटर. निरोप इतका क्षीण पोचतो की ५.६ केल्विनपर्यंत (उणे २६७ अंश सेल्सिअसच्याही खाली) गारठवल्याशिवाय सगळे एकटे इलेक्ट्रॉन एका दिशेला वळत नाहीत. दोन्ही टोकांना बोलके धातू बसवले की चित्र पालटतं. निकेल आणि क्रोमियम घेतले तर त्यांच्या एकट्या इलेक्ट्रॉनांच्या कक्षका (इलेक्ट्रॉनच्या वावराच्या जागा) एकमेकींना काटकोनात, म्हणून फिरक्या (इलेक्ट्रॉनांची इवलीशी चुंबकं) समांतर. सीझियमवाल्या संयुगात हे ९० केल्विनला जमतं. व्हॅनेडियम-क्रोमियममध्ये कक्षका थेट एकमेकींत मिसळतात, फिरक्या उलट्या होतात, पण दोन्ही बाजू असमान असल्याने चुंबकत्व उरतं. पॅरिसच्या व्हर्डागेर यांच्या गटाने १९९५ मध्ये असं जे संयुग केलं, ते ३१५ केल्विनपर्यंत चुंबक राहतं. ३१५ केल्विन म्हणजे ४२ अंश. पॅरिसमध्ये ते खोलीच्या तापमानाचं चुंबक ठरलं. आमच्याकडे मे महिन्यात दुपारी गच्चीवर ठेवलं तर चुंबकच राहणार नाही! १९९९ मध्ये अमेरिकेत ही मर्यादा ३७६ केल्विनवर नेली, ते आमच्या उन्हातही टिकेल.

ही संयुगं घरी करायची नाहीत. त्यासाठीच्या क्रोमियम क्षाराला पोटॅशियम सायनाइड लागतं, आणि तिथे माझा छंद थांबतो.

पण गारठा मिळतो. गुरांच्या कृत्रिम रेतनाचं काम करणाऱ्या मित्राकडे द्रव नायट्रोजनचा कॅन असतो, ७७ केल्विन. क्युरीच्या नियमाने (केल्विनमधलं तापमान जितकं कमी, तितकी ओढ त्याच पटीत जास्त) खोलीच्या ३०० वरून ७७ वर गेलं की ओढ जवळपास चौपट, म्हणजे माझ्या ८८ चे ३४० तरी व्हायला हवेत. नळी बुडवून, झटकून, चुंबकावर टांगली: २६१. अर्ध्या मिनिटात २००, मग आकडा भरकटला. नळी तापत होती हे एक, आणि गार हवा खाली उतरून चुंबकावर दव जमत होतं, त्याचंही वजन काट्यावर. नळीवरच्या दवाने फरक पडत नाही, ती वरून टांगलेली आहे.

आता नळीभोवती थर्माकोलचा पेला आणि चुंबकावर प्लॅस्टिकची पातळ टोपी बसवतोय. नायट्रोजन उघड्या पेल्यात फार वेळ ठेवायचा नाही. हवेतला ऑक्सिजन त्यात उतरतो आणि द्रव ऑक्सिजन स्वतःच चुंबकाकडे ओढला जातो. कॅन बुधवारी भरून येतो, तेव्हा पहाटे पुन्हा.